जिन्यातली थोरली

माणसाची ओळख देवाने चेहऱ्यावर लिहिली, असे आपण समजतो. या कथेतल्या गृहस्थाचे मत निराळे होते. ओळख लिहिली ती तळव्याखाली, असे तो म्हणे, आणि अधिकाराने म्हणे. कारण चौदाव्या वर्षापासून त्याने दुसरे काही फारसे वाचलेच नव्हते. जोडे दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. कोणी समोर उभे राहिले की त्याची नजर आधी टाचेवर, मग चवड्यावर, मग गुडघ्यावर, आणि ती चेहऱ्यापर्यंत पोचेतो गिऱ्हाईक निघून गेलेले असे. "याला लग्नाचा फोटो दाखवा," शेजारचा शिंपी म्हणे, "हा विचारील, पाय कुठे कापले?" सगळी आळी त्याला मापेकाका म्हणे. ते त्याचे आडनाव नव्हते, पण आता दुकानाच्या पाटीवरही तेच चढले होते.

दुकान म्हणजे राहत्या इमारतीतच, रस्त्यापासून दोन पायऱ्या वर एक खोली. मध्ये लोखंडी पाऊल, ज्यावर जोडा उलटा चढवून टाच ठोकायची. भिंतीला आऱ्या, चामडे कापायची रापी, मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी. जोडा कोणाचाही असो, चिखलाने भरलेला असो, फाटका असो, तो दोन्ही हातांनी घेई. आपण देवाच्या पायांशी डोके ठेवतो. हा देवाच्या लेकरांच्या पायांशी बसून पोट भरीत होता, आणि त्यात त्याला काही उणे वाटत नव्हते. शेजारच्या पाटावर त्याची बायको शिवणीला बसे. बावीस वर्षे दोघांचे हात एका लयीत चालत आले होते. त्याने ठोकावे, तिने दोरा ओढावा. त्याने ठोकावे, तिने दोरा ओढावा.

आता त्याची एक खोड सांगितली पाहिजे, कारण सारी कथा त्या खोडीतून घडली.

धंद्याच्या सुरुवातीला एकदा त्याने पोस्टमनच्या जोड्यांना सरळ, सपाट, देखण्या टाचा लावल्या. तिसऱ्या दिवशी पोस्टमन लंगडत दारात उभा.

"काका, हे कोणाचे जोडे दिलेत मला?"

"तुमचेच की."

"माझे? यांना माझा रस्ता ठाऊक नाही, माझं घर ठाऊक नाही. पोटऱ्या भरून आल्यात हो!"

त्या दिवसापासून मापेकाका नवी टाच कधी सपाट कापीत नसे. जुनी टाच कोणत्या अंगाला किती झिजली, ते अंगठ्याने चाचपावे, आणि नव्या टाचेला त्याच अंगाने तेवढाच उतार द्यावा. गिऱ्हाईक जोडा घालून दोन पावले टाकी आणि हसे, जणू घरी पोचला. झिजेत माणसाची चाल साठते, आणि ती ज्याची त्याला परत केली पाहिजे, हा त्याचा धर्म झाला. धर्म चांगलाच होता. पण जोडे ज्याचे त्यालाच परत जातील, हे त्यात गृहीत होते.

त्याला दोन मुली. थोरली आणि धाकटी.

थोरली नऊ वर्षांची असताना त्याने तिला स्वतःच्या हातांनी बूट शिवले होते. तपकिरी, घोट्यापर्यंत, बाजूला पितळी बकल असलेले. थोरलीची चाल साऱ्या इमारतीला ठाऊक. दप्तर डाव्या खांद्यावर, त्यामुळे डावे पाऊल थोडे जड. जिना चढताना डावी टाच प्रत्येक पायरीच्या काठाला घासायची. ठप्, स्स्. ठप्, स्स्. तिसऱ्या मजल्यावर आईला कळे, पोर तळमजल्यावर आली. भाजी ढवळता ढवळता ती तोंडाने म्हणे, "आली माझी आगगाडी."

चार महिने ते बूट चालले. मग ताप आला. ताप आला आणि गेला, पण जाताना पायांतले बळ घेऊन गेला. थोरली वाचली, देवाची करुणा. थोरली उठली नाही. त्याला काय म्हणावे, हे आईबापांना अडीच वर्षांत समजले नव्हते. खिडकीपाशी चाकांची खुर्ची आली. तपकिरी बूट कपाटाच्या वरच्या फळीवर, एका जुन्या टॉवेलात गेले.

अडीच वर्षांनी धाकटी नऊ वर्षांची झाली, आणि एके दिवशी शाळेतून येताना तिच्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबत आला.

खालच्याच मजल्यावर राहणारी मुलींची आत्या तेव्हा घरात होती. ती हसून म्हणाली, "वा रे वा! जोडे सांधणाऱ्याची पोर, आणि बूट जांभया देतोय!"

"उद्या शिवतो," मापेकाका म्हणाला.

"काय शिवतोस दादा, पोरीचा पाय वाढलाय. वर ते तपकिरी पडलेत ना? चार महिन्यांचे. घाल की तिला."

बायको आत होती, ती बाहेर आली. "नको."

"वहिनी, भावंडांनी एकमेकांचं घालायचं नाही तर कोणी घालायचं? मी दादाचे शर्ट घालून वाढले."

"तुमच्या दादांचे शर्ट त्यांना आखूड झाले म्हणून तुमच्याकडे आले. माझी पोर त्या बुटांतून वाढून बाहेर पडली नाही, वन्सं. तिला त्यातून काढलं."

मापेकाकाला वाटले काहीतरी बोलावे, आणि त्याला धंद्याचेच सुचले. "चामडं नुसतं ठेवलं की तडकतं," तो म्हणाला. "घातलं तर जगतं."

तेव्हा खिडकीतून थोरली म्हणाली, "द्या ना तिला. माझ्या बुटांना तरी शाळेत जाऊ दे."

ती हसून म्हणाली, म्हणून कोणाला नाही म्हणता आले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बूट लोखंडी पावलावर चढवले. पडून पडून टाचांचे रबर दगडासारखे झाले होते. त्याने ते उपटले, तेल लावून चामडे मऊ केले, नव्या टाचा कापल्या आणि ठोकल्या. बायकोने बकलाची शिवण घट्ट केली. हात चालले, जसे रोज चालत. त्याने अंगठ्याने काय चाचपले आणि रापी कोणत्या अंगाने धरली, ते त्याचे त्यालाही उमगले नाही. निदान पुढे पुष्कळ दिवस तो स्वतःला असेच सांगत राहिला.

धाकटी ते बूट घालून शाळेत गेली. दुपारी चारला मापेकाका जेवायला घरी आला होता. बायको ताट वाढीत होती. थोरली खिडकीशी. आणि जिन्यातून आवाज आला.

ठप्, स्स्. ठप्, स्स्.

बायकोच्या हातातला डाव भांड्यात पडला. "आली," ती म्हणाली. नुसते तोंडातून गेले. अडीच वर्षे जीभ जे म्हणायला टपून बसली होती ते. मापेकाका पाटावरून अर्धा उठला. पहिला मजला. दुसरा मजला. डावी टाच पायरीच्या काठाला घासत वर येत होती, आणि थोरली, जी खुर्चीत बसली होती, जी त्यांच्या डोळ्यांसमोर होती, तीसुद्धा मान वळवून दाराकडे बघत होती, जणू तिलाही पाहायचे होते की ती कशी दिसते.

दार उघडले. धाकटी आत आली. "काय झालं? सगळे असे का बघताय?"

"काही नाही," आई म्हणाली. "हात धू."

वाचकहो, त्या घरात कोणी वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. पण दुसऱ्या दिवशी थोरली धाकटीला हळूच म्हणाली, "ए, पुन्हा एकदा खाली जाऊन वर ये ना." धाकटी गेली आणि आली. थोरलीने डोळे मिटले होते. खुर्चीच्या हातावर तिची बोटे चालत होती, उजवे हलके, डावे जड. "परत." धाकटी परत गेली. तिला खेळ वाटला. जिच्यासाठी आजवर पाण्याचा पेला आणि पुस्तक यापलीकडे काही करता आले नव्हते, त्या ताईला तिच्या चालण्याने आनंद होत होता. मग का नाही चालायचे?

रोज चार वाजता तो खेळ सुरू झाला. थोरलीला भूक लागू लागली. ती गाणे गुणगुणू लागली. आई चारच्या सुमारास दुकानातून वर येऊन काहीतरी निवडत बसे, आणि निवडायचे ते ताटात तसेच राही. मापेकाकाची जेवायची वेळ पूर्वी ठरलेली नव्हती. आता ती ठरली. तिघे तीन कोपऱ्यांत, कोणी कोणाकडे न बघता, जिन्याकडे कान लावून बसत. जिना चढे ती एक, आणि ऐकू येई ती दुसरी. धाकटी दारात पोचली की तिघांच्याही तोंडावरून काहीतरी विझून जाई, आणि ते विझताना त्या लेकराला रोज दिसत असे. म्हणून ती टाच आणखी नीट घासू लागली. थोडी जास्त. जसे ताईला हवे तसे.

पंधरा-वीस दिवसांनी वरच्या मजल्यावरचे वृद्ध मास्तर दुकानात आले. डोळ्यांनी अधू, काठीने पायरी शोधत. तापाआधी थोरली त्यांच्याकडे गणिताला जात असे. त्यांनी मापेकाकाचे दोन्ही हात धरले.

"अरे, सांगितलं नाहीस! थोरली चालायला लागली! रोज जिन्यात ऐकतो मी. पहिल्या दिवशी वाटलं, कानाला भास झाला. पण तिची चाल का मी विसरेन? मी काल देवापुढे लहान मुलासारखा रडलो बघ."

मापेकाकाच्या तोंडात दोन खिळे धरलेले होते. ते काढून 'नाही मास्तर' म्हणायला कितीसा वेळ लागतो? त्याने खिळे काढले.

"हो, मास्तर," तो म्हणाला.

मास्तर आशीर्वाद देत गेले. शेजारच्या पाटावर बायकोने दोरा ओढला, पण वर पाहिले नाही. ज्याने आयुष्यभर एका माणसाची चाल दुसऱ्याला दिली नाही, त्याने आज देवाला हात जोडणाऱ्या माणसाला खोटे दिले; आणि भयंकर हे, की 'हो' म्हणताना त्याला क्षणभर बरे वाटले होते.

रविवारी सकाळी आईने फरशी पुसली. धाकटी न्हाणीघरातून ओल्या पायांनी, अनवाणी, खोली ओलांडून गेली. मापेकाका चहा पीत खाली बघत होता. तो नेहमी खालीच बघे. ओल्या पावलांचे ठसे उमटले. उजवा स्वच्छ. डाव्यामागे पाण्याची एक शेपटी, ओढलेली. उजवा स्वच्छ. डाव्यामागे शेपटी.

पायांत बूट नव्हते.

"इकडे ये गं," तो म्हणाला. "पाय दुखतो का?"

"नाही." मग थोड्या वेळाने, "गुडघा दुखतो. थोडाच."

"मग अशी का चालतेस?"

"कशी?"

"डावा ओढत."

ती खाली आपल्या पायांकडे बघू लागली. "मी अशीच चालते ना, बाबा?"

ती पूर्वी कशी चालायची, हे त्याने आठवून पाहिले, आणि त्याला आठवेना. पोस्टमनची चाल त्याला ठाऊक, शिंप्याची ठाऊक, आळीतल्या तीनशे माणसांच्या टाचा अंगठ्याला पाठ. आणि स्वतःच्या धाकट्या लेकीची चाल त्याने कधी बघितलीच नव्हती. ती पाच-सहा वर्षांची होती तोवर सारे घर थोरलीच्या पावलांकडे कान लावून असे, आणि तिच्या सहाव्या वर्षानंतर सारे घर थोरलीच्या पायांकडे डोळे लावून बसले. मधल्या फटीतून हे पोर एकटेच चालत आले होते. आता ती चालही पुसत चालली होती, आणि पुसणारा हात बापाचा होता.

तो स्वयंपाकघरात गेला. "त्या टाचा मी उतारावर कापल्यात," तो बायकोला म्हणाला. "जुन्या झिजेवर. सवयीनं."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"ठोकत होतात तेव्हापासून. बावीस वर्षं शेजारी बसलेय तुमच्या. टाच सपाट बसली की आवाज निराळा येतो."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पदराने ओटा पुसला, जो कोरडाच होता. "मला ऐकायचं होतं," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "मोडलं पाहिजे हे. धाकटीला तिच्या मापाचे नवे शिवतो."

"आणि हिचं काय?" बायको कुजबुजली. "दोन घास जास्त खातेय. काल गात होती, ऐकलंत ना? ते आवाज काढून घेतले तर तिच्यापाशी काय राहतं? सांगा ना मला. काय राहतं?"

एका लेकीचे पाय वाचवायचे तर दुसरीच्या कानांतले सुख काढून घ्यायचे. देवाने असा तराजू बापाच्या हाती का द्यावा? त्याने मनात नाम घेतले, आणि जे येत होते ते करायला घेतले. कागद, पेन्सिल, आणि मापाची पट्टी.

दुपारी त्याने धाकटीला थोरलीच्या खुर्चीसमोर कागदावर उभे केले. लपूनछपून करायचे नाही, एवढे त्याने ठरवले होते. तो गुडघ्यांवर बसला आणि पेन्सिल पावलाच्या कडेने फिरवू लागला.

"बाबा, गुदगुल्या होतात!"

"हलू नकोस, नाहीतर बदकाचा बूट होईल."

"नवे कशाला?" थोरलीने विचारले. आवाज सरळ होता, पण बोटे खुर्चीच्या हातावर थांबली होती.

"तिचा गुडघा दुखतो, बाळ. तुझी चाल तिला झेपत नाही."

थोरली खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "माझंही माप घ्या."

त्याचा हात थांबला. जे पाय जमिनीवर पडत नाहीत त्यांचे माप कशाला, असे अडीच वर्षांत त्याच्या मनाने परस्पर ठरवून टाकले होते. त्याने पाट ओढला, कागद ठेवला, तिचे पाऊल दोन्ही हातांनी उचलून त्यावर टेकवले. थंड, मऊ, एकही घट्टा नसलेले पाऊल. पेन्सिल फिरली. फिरत राहिली. त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेली.

थोरलीने वाकून पाहिले. "तो बूट द्या," ती म्हणाली. धाकटीने दाराजवळचा तपकिरी बूट आणून दिला. थोरलीने तो कागदावरच्या रेघेत ठेवला. टाचेला टाच जुळवली. पुढे रेघ दोन बोटे बाहेर राहिली.

"बाबा, हे मला होतच नाहीत."

"नाहीत, बाळ. तू वाढलीस."

"कधीपासून होत नाहीत?"

"झालं असेल वर्ष, दीड वर्ष."

ती बुटाकडे बघत राहिली. मग तिने मान वर केली आणि अगदी सावकाश विचारले, "मग रोज जिन्यातून येते ती कोण?"

आईने तोंडावर हात घेतला. कोणीतरी येत होते, हे चौघांनाही ठाऊक होते. नऊ वर्षांची, दप्तर डाव्या खांद्यावर, वाढ थांबलेली एक मुलगी रोज चारला त्या जिन्याने वर येत होती. तिच्या स्वागताला घर कान लावून बसत होते. आणि अकरा उलटून बारावे लागलेली, जिवंत, श्वास घेणारी लेक त्याच खोलीत अडीच वर्षे वाढत होती ते कोणाच्या ध्यानी नव्हते. तिच्याही नाही.

"तिला नको येऊ देऊ आता," थोरली धाकटीला म्हणाली. मग तिचा हात धरून म्हणाली, "मला भीती वाटते तिची."

त्या संध्याकाळी मापेकाका मास्तरांकडे वर गेला आणि दारातच म्हणाला, "मास्तर, मी खोटं बोललो. जिन्यात येते ती धाकटी." मास्तरांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "मग मी देवाला जे धन्यवाद दिले," ते म्हणाले, "ते काही परत मागणार नाही. पण तू मात्र असं पुन्हा करू नकोस बाबा. माझे कानच माझे डोळे आहेत."

दोन जोड शिवायला आठ दिवस लागले; तोवर गुडघ्याला विश्रांती म्हणून धाकटी घरीच राहिली. धाकटीचे काळे, थोरलीचे गडद लाल. रंग तिने स्वतः सांगितला, आणि बकल नको, नाडी हवी, हेही. थोरलीच्या पायांत बूट चढले तेव्हा ती पुष्कळ वेळ पायांकडे बघत होती. "मोठे दिसतात पाय," ती म्हणाली. टाचा दोन्ही जोडांच्या सपाट होत्या. सपाट टाच कापताना त्याचा अंगठा सवयीने उतार शोधीत होता, आणि दर वेळी त्याला हात थांबवून नाम घ्यावे लागत होते.

सोमवारी धाकटी नवे बूट घालून शाळेत गेली. चार वाजले. तिघे घरात होते.

जिन्यात पावले वाजली. पण ती कोणाची, ते कोणाला कळेना. ना जड, ना हलकी. घाई नाही, रेंगाळणे नाही. परके कोणी वर यावे तशी ती आली आणि दाराबाहेर थांबली.

"कोण आहे?" आतून आईने विचारले. नेहमीच्या, अनोळखी माणसाला विचारायच्या आवाजात.

बाहेरून उत्तर आले नाही.

आपण कोणाला विचारले, ते आईच्या लक्षात आले. मापेकाकाने सवयीने खाली पाहिले. दाराच्या फळीखालून काळ्या बुटांची टोके दिसत होती, एकमेकांना चिकटलेली. आई ओळखत नाही हे लेकराने ऐकले होते.

"ती आहे," थोरली म्हणाली. मग मोठ्याने, दाराकडे तोंड करून, "ये ना गं! ये, कशीही ये."

दार हळूच उघडले. धाकटी आत आली. एक पाऊल सरळ पडले. दुसरे सरळ पडले. तिसऱ्याला डावी टाच फरशीवर घासली, स्स्, आणि ती जागच्या जागी थांबली, घाबरून, थोरलीकडे बघत. तिने डावा पाय उचलला, जसे पाण्यातून उचलावा तसा, हवेत धरला, आणि कुठे ठेवायचा ते तिला सापडेपर्यंत घरातली तिन्ही माणसे तिच्या पायांकडे बघत राहिली.